पडून असलेल्या रास्पबेरी पायला घरात कोणतं काम द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत घर, फायबरचं इंटरनेट, इन्व्हर्टर, चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि वडिलांचा जुना यूएसबीवाला लेझर प्रिंटर. 4 जीबी रॅमचा रास्पबेरी पाय 4, म्हणजे एकाच छोट्या बोर्डवरचा संगणक, हौसेनं घेतला, जुने गेम खेळून झाले, टीव्हीला लावून झाला आणि आता तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. घरचा सर्व्हर म्हणून त्याचा खरोखर उपयोग होईल असं काय करता येईल?

प्रिंटर, मोबाइलमधले फोटो, जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) आणि हौस उरलीच तर गच्चीवरची पाण्याची टाकी. याच क्रमानं. ‘पायवर करण्यासारखी पन्नास कामं’ छापाच्या याद्यांतली बाकीची कामंही होतात, पण महिन्याभरात बंद पडतात आणि बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. हीच कसोटी लावा. जे काम थांबल्यावर घरात कुणीतरी आरडाओरडा करील तेवढंच बोर्डवर ठेवा. वडिलांना प्रिंट मिळाली नाही तर ते ओरडतील. सर्व्हरच्या तापमानाचा रंगीत आलेख दिसेनासा झाला तर कुणी ओरडणार नाही.

या बोर्डचा खरा गुण म्हणजे तो अगदी कमी विजेवर चोवीस तास जागा राहतो. पाय 4 रिकामा असताना साधारण 3 वॅट घेतो, कामात असताना 5 ते 6. सरासरी 4 वॅट धरली तर महिन्याला 2.88 युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तरी 30 रुपयांच्या आत. 60 वॅट घेणारा जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालवला तर 43 युनिट जातात. म्हणून ज्या कामाला सतत हजर राहावं लागतं पण डोकं फार चालवावं लागत नाही, ते काम याचं. व्हिडिओचं रूपांतर, चेहरे ओळखणं, कॅमेऱ्यातली हालचाल तपासणं ही कामं याची नव्हेत.

आधी वीज आणि डिस्क

काम कोणतंही द्या, हे बोर्ड बंद पडतात ते बहुतेक दोन कारणांनी: वीज नीट मिळत नाही किंवा मेमरी कार्ड जातं. प्रोग्रॅमचा दोष फार क्वचित असतो.

पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. घरातला 33 किंवा 65 वॅटचा फास्ट चार्जर जास्त ताकदीचा वाटतो, पण ते वॅट तो 9, 11, 20 अशा चढ्या व्होल्टेजवर देतो. 5 व्होल्टवर त्यातून अनेकदा 2 अँपिअरच निघतात. त्यात केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं. 4.63 व्होल्टच्या आसपास खाली गेलं की कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदींत) ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळ येते. ही ओळ दिसत असताना बाकी काहीही दुरुस्त करायला बसू नका. डिस्क मधेच गायब होणं, फाइल बिघडणं, नेटवर्क तुटणं हे सगळं त्यातूनच येतं. अगदी पहिल्या खेपेच्या पाय 4 बोर्डांना ई-मार्कवाली, म्हणजे चांगल्या लॅपटॉपसोबत येणारी, टाइप-सी केबल चालत नाही. बोर्ड चालूच होत नाही. साधी केबल लावून बघा, बोर्ड खराब झाला असं लगेच समजू नका.

आपल्याकडे वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाइट येते-जाते. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यावर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असा स्विच असतो, तो यूपीएसवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ लागतो की पंखा आणि ट्यूबलाइटला ते जाणवत नाही, पण बोर्ड रीस्टार्ट होतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर हवा. लेझर प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर अजिबात नको. त्याच्या आतला हीटर चालू होताना काही शे वॅट एकदम ओढतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडेल आणि सोबत बोर्डही जाईल. प्रिंटर साध्या प्लगवर, बोर्ड इन्व्हर्टरवर. यूएसबी केबल मधे असली तरी काही बिघडत नाही.

मेमरी कार्डवर सर्व्हर चालवू नका. सर्व्हर दर मिनिटाला काहीतरी बारीकसारीक लिहीत असतो, आणि कार्ड झिजतं ते अशाच लिखाणानं. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डाचा आतला हिशोबच बिघडतो आणि मग ते फक्त वाचता येतं किंवा तेही नाही. 240 किंवा 256 जीबीची साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणि यूएसबी 3 ची साटा केबल घ्या, निळ्या पोर्टात लावा, आणि ऑपरेटिंग सिस्टीम थेट एसएसडीवर लिहा. रास्पबेरी पाय ओएसची 64 बिट लाइट आवृत्ती पुरेशी आहे, डेस्कटॉप नको. इमेजरमध्येच, म्हणजे सिस्टीम डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड भरा आणि एसएसएच (लॅपटॉपवरून बोर्डला आज्ञा देण्याची सोय) चालू करून टाका. 2022 पासून आधी तयार असलेला ‘पाय’ हा वापरकर्ता काढून टाकला आहे, त्यामुळे जुन्या लेखातला पासवर्ड चालणार नाही. बोर्ड 2020 मध्ये किंवा त्याआधी घेतलेला असेल तर एकदा कार्डवरून चालू करून बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) अपडेट करा, त्याशिवाय तो यूएसबीवरून उठणार नाही.

एसएसडीच्या केबलमध्ये एक चिप असते आणि स्वस्त केबलमधल्या काही चिप लिनक्सच्या यूएएस (यूएसबी डिस्कशी वेगानं बोलण्याच्या) पद्धतीशी जुळत नाहीत. लक्षण असं: सगळं नीट चालतं, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की तीस सेकंद सगळं गोठतं आणि लॉगमध्ये डिस्क रीसेट झाल्याच्या ओळी येतात. त्या केबलचा आठ अंकी-अक्षरी यूएसबी ओळख क्रमांक काढून बूटच्या कमांडलाइन फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेजच्या ‘क्वर्क्स’ यादीत टाकला की यूएएस बंद होतं. वेग थोडा उतरतो, गोठणं थांबतं. दुसरी केबल घेणं हाही उपाय आहे आणि तो सोपा आहे.

फोटोंसाठी मोठी हार्ड डिस्क जोडणार असाल तर लक्षात ठेवा: पाय 4 च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करतानाच एक अँपिअरच्या आसपास ओढते. एसएसडी आणि ती मिळून बसत नाहीत. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब किंवा डॉक द्या. तिच्यावर लिनक्सची ईएक्सटी4 फाइल सिस्टीम करा. विंडोजची एनटीएफएस तशीच ठेवली तर प्रोसेसरवर ताण येतो आणि परवानग्यांचा घोळ होतो.

आता एक गोष्ट, जी सहसा कुणी आधी सांगत नाही. कायम जोडायच्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) लिहाल तेव्हा त्यात ‘नोफेल’ हा पर्याय घाला. नसेल तर एखाद्या दिवशी डिस्क उठली नाही की अख्खा बोर्ड बूट होताना अडकून बसतो, आणि त्याला मॉनिटर जोडलेला नसतो. पण नोफेल घातल्यावर दुसरा धोका तयार होतो: डिस्क नाही, तरी तिच्या नावाचं रिकामं फोल्डर आहेच. फोटो घेणारा प्रोग्रॅम बिनतक्रार त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या एसएसडीवर, लिहीत सुटतो. दोन दिवसांत ती भरते आणि सगळंच बंद. उपाय एका ओळीचा आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर कमांडनं ‘इम्युटेबल’ खूण लावा. मग डिस्क नसेल तेव्हा तिथे कुणालाच लिहिता येत नाही. प्रोग्रॅम चूक दाखवतो आणि तेच आपल्याला हवं असतं.

जागेबद्दल: टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. 80 अंशांना बोर्ड स्वतःचा वेग कमी करायला लागतो. पूर्ण ॲल्युमिनिअमची केस घेतली तर पंखा लागत नाही, आणि पंखा नसला की पावसाळ्यातली ओल आणि धूळ आत ओढली जात नाही. वायफायऐवजी लॅन केबलच लावा. यूएसबी 3 ची डिस्क शेजारी चालू असली की 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला तिचा उपद्रव होतो.

प्रिंटर

हे पहिलं काम, कारण घरात सगळ्यांना लगेच दिसतं. कप्स (छपाई सांभाळणारं) आणि अवाही (नेटवर्कवर प्रिंटर जाहीर करणारं) ही दोन पॅकेजं टाका, तुमचा वापरकर्ता एलपीॲडमिन गटात घाला, शेअरिंग आणि दुसऱ्या संगणकावरून व्यवस्थापन चालू करा. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये बोर्डचा आयपी पत्ता आणि पुढे :631 टाकलं की प्रिंटर जोडायचं पान उघडतं. तिथे प्रिंटर जोडताना ‘शेअर’ची खूण करायला विसरू नका. अवाही चालू असल्यामुळे त्याच वायफायवरच्या अँड्रॉइड आणि आयफोनना प्रिंटर आपोआप दिसतो. कोणतंही ॲप लागत नाही.

घोळ असतो तो ड्रायव्हरचा. आपल्याकडे वकिलांच्या टेबलापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत दोन यंत्रं हमखास दिसतात: एचपी लेझरजेट 1020 आणि कॅनन एलबीपी 2900. एचपी 1020 ची गंमत अशी की त्याला स्वतःची स्मरणशक्तीच नाही. बंद करून चालू केला की दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम) घ्यावं लागतं. ते मिळालं नाही तर कप्समध्ये काम पूर्ण झालं असं दिसतं आणि कागद जागचा हलत नाही. फू-टू-झेडजेएस या मुक्त ड्रायव्हरचं पॅकेज टाकून फर्मवेअरची फाइल वेगळी उतरवावी लागते, किंवा एचपीचा स्वतःचा ड्रायव्हर एचपीलिप आणि त्याचं प्लगइन वापरायचं. जोडून झाल्यावर प्रिंटर दोनदा बंद-चालू करून प्रत्येक वेळी चाचणी पान काढून बघा, तरच जमलं म्हणा.

कॅनन 2900 चा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी आहे. पायचा प्रोसेसर आर्म, म्हणून तो टाकता येत नाही. कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे, तो बोर्डवरच कंपाइल करावा लागतो. एकदोन पानांना ठीक चालतो, कागद अडकला किंवा संपला तर कधी कधी प्रिंटर बंद करून चालू करावा लागतो. वडिलांचा प्रिंटर हाच असेल तर एक संध्याकाळ द्या, त्यापेक्षा जास्त नको. तो लॅपटॉपलाच राहू द्या आणि पुढच्या कामाकडे जा.

नोटो देवनागरी फाँटही बोर्डवर टाकून ठेवा. ज्या पीडीएफमध्ये फाँट आत बसवलेला नसतो, तिचा मराठी मजकूर नाहीतर चौकोन होऊन छापला जातो.

मोबाइलमधले फोटो

घरातली खरी मौल्यवान वस्तू हीच, आणि तीच सगळ्यात बेवारस. यासाठी सिंकथिंग वापरा. फोनमधलं कॅमेऱ्याचं फोल्डर बोर्डवरच्या फोल्डरशी आपोआप जुळत राहतं, मधे कुणाचा क्लाउड नाही. अँड्रॉइडचं मूळ सिंकथिंग ॲप 2024 च्या शेवटी बंद झालं. आता त्याचं फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी पुढे चालवलेलं ॲप, वापरायचं. फोनच्या बाजूला फोल्डर ‘फक्त पाठवा’, बोर्डच्या बाजूला ‘फक्त स्वीकारा’ असं ठेवा. फक्त वायफायवर आणि चार्जिंगला असताना चालेल असं करा. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून या ॲपला वगळा. बऱ्याच फोनमध्ये ही परवानगी दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असते, आणि एक जरी राहिली तरी चार दिवसांनी सिंक थांबतं. आठवड्यातून एकदा बोर्डच्या पानावर प्रत्येक फोन शेवटचा कधी दिसला ते बघा.

आता मोठा सापळा. जुळवणी म्हणजे बॅकअप नव्हे. आईनं जागा करायला फोनमधले फोटो पुसले की ते बोर्डवरूनही पुसले जातात. म्हणून डिस्कवर दोन फोल्डर करा: एक ‘आवक’, जिथे सिंकथिंग लिहितं, आणि एक ‘संग्रह’, जिथे त्याला प्रवेशच नाही. रोज रात्री तीनला आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडनं आवकमधून संग्रहात कॉपी करा, पण ‘डिलीट’ हा पर्याय न देता. मग फोनवरून पुसलं तरी संग्रहात राहतं. आवक फोल्डरला सिंकथिंगमधलं फाइल व्हर्जनिंगही लावा, तीस दिवस पुरे.

व्हॉट्सॲपचे फोटो हवे असतील तर अँड्रॉइड 11 पासून ते अंतर्गत मेमरीतल्या अँड्रॉइड, मीडिया आणि मग व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असतात. पाठवलेल्या फाइलींचं ‘सेंट’ फोल्डर वगळा. शुभ सकाळची फुलं आणि चहाचे कप गाळायला मात्र अजून कोणतंही सॉफ्टवेअर पुरं पडलेलं नाही.

संग्रहाचं फोल्डर सांबानं (नेटवर्कवर फोल्डर वाटणाऱ्या प्रोग्रॅमनं) घरातल्या लॅपटॉपला आणि टीव्हीला फक्त वाचण्यासाठी द्या. लिहायची मुभा कुणालाच नको. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर ते जोडलेल्या शेअरवरच्या फाइलीही बंदिस्त करतं. उद्यमनगर किंवा शिरोलीत वर्कशॉप असलेल्यांना हाच सांबा ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम ठेवायला चांगला आहे, फक्त जुन्या मशीनवर विंडोज एक्सपी असेल तर तिला एसएमबीची (सांबा वापरतो त्या फाइल वाटण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच कळते आणि नवा सांबा ती बंद ठेवतो. ती चालू करावीच लागली तर त्या शेअरमध्ये प्रोग्रॅमशिवाय काही ठेवू नका आणि त्या मशीनला इंटरनेट देऊ नका.

तारखेनुसार, चेहऱ्यानुसार फोटो बघायचे असतील तर इमिच हा फोटो-संग्रहाचा प्रोग्रॅम सुंदर आहे. 4 जीबीच्या बोर्डवर त्याचा चेहरे ओळखणारा भाग बंद ठेवूनच चालवा, आणि पहिल्यांदा हजारो फोटोंचे लघुचित्र तयार होताना दिवस-दोन दिवस लागतील याची तयारी ठेवा. 8 जीबी असेल तर प्रश्न कमी. माझ्या मते आधी सहा महिने साधं फोल्डरच चालू द्या.

जाहिराती अडवणारा डीएनएस

पाय-होल किंवा ॲडगार्ड होम, दोन्ही चांगले. मी पाय-होल धरून सांगतो. घरातलं प्रत्येक उपकरण कोणताही पत्ता शोधताना आधी बोर्डला विचारतं, आणि जाहिरातींच्या यादीतलं नाव असेल तर बोर्ड खरा पत्ता देत नाही. टीव्हीवरच्या आणि मोबाइल ॲपमधल्या पुष्कळ जाहिराती यानं जातात. यूट्यूबच्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात. हे घरच्यांना आधीच सांगा.

राउटरमध्ये बोर्डचा आयपी पत्ता त्याच्या मॅक पत्त्याशी बांधून कायमचा करा. मग राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याच्या) पानावर डीएनएस म्हणून बोर्डचा पत्ता टाका. दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात ‘सुरक्षिततेसाठी’ 8.8.8.8 टाकायचा मोह होतो, टाकू नका. दुसरा डीएनएस फक्त पहिला बंद असतानाच वापरला जातो असं नाही, उपकरणं मन मानेल तसं दोघांनाही विचारतात आणि अर्ध्या जाहिराती गळतात. तो रकाना रिकामा ठेवा किंवा तोच पत्ता पुन्हा टाका.

इंटरनेट कंपनीनं दिलेल्या बऱ्याच डब्यांत डीएनएस बदलताच येत नाही. तेव्हा डब्यातलं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं चालू करा. दोन्ही एका वेळी चालू ठेवू नका, नाहीतर काही फोनवर जाहिराती जातील, काहींवर राहतील आणि कारण सापडणार नाही. आयपीव्ही6 (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) हे दुसरं भोक. डबा आयपीव्ही6 वरून स्वतःचाच डीएनएस जाहीर करत असतो आणि फोन त्याला विचारतात. डब्यात ती जाहीर करण्याची सोय बंद करा. तिसरं भोक फोनमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ आणि ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’. तिथे एखादं नाव भरलेलं असेल तर बोर्डला कुणी विचारतच नाही.

याद्या घालताना हात आखडता घ्या. सोबत येणारी एक यादी पुरते. लाखो नावांच्या दहा याद्या घातल्या की बँकेच्या संदेशातल्या लिंक, कुरिअरचा मागोवा, ऑनलाइन खरेदीची पानं अडतात. मग घरातलं कुणीतरी वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरायला लागतं. तिथे तुमचा प्रकल्प संपला.

वीज जाऊन आल्यावर इंटरनेट येतच नाही, ही तक्रार पुष्कळांची असते. कारण घड्याळ. पाय 4 ला बॅटरीवरचं घड्याळ नाही. उठल्यावर त्याला जुनीच वेळ वाटते. डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं डिजिटल सहीनं पडताळण्याची सोय) चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळे सह्या अवैध ठरतात आणि कोणतंच नाव उलगडत नाही. वेळ दुरुस्त करायची तर वेळेच्या सर्व्हरचं नाव उलगडायला हवं, आणि तेच तर बंद. सुटका सोपी आहे: बोर्डनं स्वतःसाठी पाय-होल न वापरता थेट 1.1.1.1 वापरावा. आणखी पक्कं हवं तर डीएस3231 घड्याळाचं छोटं मॉड्यूल घ्या, थेट पिनांवर बसतं. निळी मोठी झेडएस-042 पट्टी घेतलीत तर तिच्यात नाण्याएवढा सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर2032 टाकून 5 व्होल्ट देऊ नका, 3.3 व्होल्टच्या पिनवर लावा.

डीएनएस बंद म्हणजे घराचं इंटरनेट बंद, म्हणून सिस्टीमडीमधला हार्डवेअर वॉचडॉग 15 सेकंदांवर चालू करा. बोर्ड गोठला तर आपोआप रीस्टार्ट होतो. आणि राउटरशेजारी एक कागद चिकटवा: तुम्ही पुण्याला गेला असताना हे बंद पडलं तर डब्याचं पान कसं उघडायचं आणि मूळ डीएनएस किंवा डीएचसीपी परत कसं चालू करायचं. मोठ्या अक्षरात, मराठीत.

पाण्याची टाकी

नळाला पाणी ठरल्या वेळी येतं आणि गच्चीवरची टाकी भरून वाहते, हे घराघरातलं दुखणं. टाकीवर ईएसपी8266 हा वायफायवाला छोटा बोर्ड आणि जेएसएन-एसआर04टी हा पाण्यापासून सुरक्षित अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा. ईएसपी होमनं त्याचा प्रोग्रॅम तयार होतो, आणि पायवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारा प्रोग्रॅम) डॉकरमध्ये चालवून फोनवर सूचना येते. या सेन्सरला 20 ते 25 सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. झाकणालाच लावला तर टाकी काठोकाठ भरताना आकडे वेडेवाकडे येतात. झाकणावर तेवढ्या उंचीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून त्याच्या टोकाला सेन्सर बसवा. पाइप रुंद घ्या, अरुंद असला तर त्याच्या भिंतींवरून आवाज परततो. सेन्सरचा एको, म्हणजे परतीचा संकेत, 5 व्होल्टचा आणि ईएसपीची पिन 3.3 व्होल्टची, म्हणून मधे 1 आणि 2 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. सकाळी सेन्सरच्या तोंडावर दव धरलं की आकडा उड्या मारतो, त्यामुळे सात आकडे क्रमानं लावून मधला घ्या. वायफाय स्लॅबमधून गच्चीवर नीट पोचत नाही; ईएसपी बोर्ड जिन्याच्या खोलीत ठेवून सेन्सरची तारच वर न्या.

मोटार आपोआप बंद करायची असेल तर निळ्या स्वस्त रिलेवर मोटार थेट लावू नका. चालू होतानाच्या झटक्यानं संपर्क चिकटतात आणि मोटार बंदच होत नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर (मोटारीसाठीचा दणकट स्विच) चालवायचा आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. सुरुवातीला नुसती सूचनाच पुरे.

बाकीचं झटपट

जेलिफिन (घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालतं, पण व्हिडिओ जसा आहे तसाच टीव्हीला पाठवता आला तरच. रूपांतराची वेळ आली की बोर्ड गुडघे टेकतो. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी असतील तर लॅपटॉपवर एकदाच एच.264 मध्ये बदलून ठेवा, मग कुठेही चालतात. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग टाळा. 2 मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी लिहितो. दोन कॅमेरे, सात दिवस म्हणजे 300 जीबी, आणि डिस्क कधीच विसावत नाही. त्यासाठी डीव्हीआरचा डबाच बरा. प्रिंटर, सिंकथिंग, सांबा, पाय-होल आणि होम असिस्टंट मिळून 4 जीबीत आरामात बसतात. पाय 3 असेल तर होम असिस्टंट सोडा. त्याची लॅन 100 मेगाबिटची आणि यूएसबीशी वाटून घेतलेली, पण प्रिंटर आणि डीएनएसला तेवढं खूप झालं.

बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक फायबरवर ते होतही नाही: राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) 100.64 ते 100.127 च्या दरम्यान दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामाइक पत्त्यामागे आहात. टेलस्केल (तुमच्या उपकरणांना खाजगी नेटवर्कनं जोडणारं ॲप) बोर्डवर आणि फोनवर टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटचा मुद्दा शाहूपुरी म्हटल्यावर टाळता येत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराच्या सखल भागांतल्या घरांचे तळमजले पाण्यात होते. बोर्ड, डिस्क आणि फायबरचा डबा वरच्या मजल्यावर न्या, निदान खांद्याच्या उंचीवर. दुसरी डिस्क घ्या, तिच्यावर रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमनं संग्रहाचा बॅकअप काढा आणि ती उंचावरच्या भागात किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा. रेस्टिक सगळं कूटबद्ध करतं, त्यामुळे डिस्क कुणाच्या हाती लागली तरी फोटो दिसत नाहीत. पण पासवर्ड हरवला तर तुम्हालाही दिसत नाहीत, म्हणून तो कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाशी, मे महिन्यात, ही डिस्क आणून ताजी करा. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की बोर्ड रीतसर शटडाउन करून डिस्क पिशवीत घाला, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. आणि मे महिन्यात डिस्क आणाल तेव्हा नवा बॅकअप काढण्याआधी तिच्यातून एक जुना फोटो आणि एक पीडीएफ परत काढून उघडून बघा. पासवर्ड लिहिताना एखादं अक्षर चुकलं असेल तर ते तेव्हाच कळतं, आणि तेव्हा मूळ फोटो अजून तुमच्यासमोर असतात.